काट्याची नियत

पळसबोडीच्या तलावाच्या पाळीवर त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. धान कापून, चुरून घरात आलं होतं. लोकांचे हात रिकामे होते आणि डोकी त्याहून रिकामी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं उतरत होती. आरमोरीचा एक भजेवाला तर कढईसकट मुक्कामालाच आला होता. सगळ्यांचे मोबाईल वर, सगळ्यांची तोंडं उघडी आणि सगळ्यांच्या नजरा एका काट्यावर.

काटाही तसा जंगीच होता. सागाचे दोन खांब, त्यावर आडवं लाकूड, त्याला कप्पी आणि साखळी, आणि साखळीला टांगलेली आठ फुटी लोखंडी दांडी. दोन्ही टोकांना माणूस मांडी घालून बसेल एवढी पारडी. दांडीच्या मध्यावर झेंडूच्या माळा इतक्या लादल्या होत्या की लोखंड औषधालाही दिसत नव्हतं. डाव्या पारड्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत सरपंच बापूजी बसले होते. उजव्या पारड्यात त्यांच्या वजनाचं धान. दांडी अगदी सरळ.

"बोला, नियत साफ!" काट्याशेजारी उभे असलेले नियतबाबा गरजले.

"अंक माफ!" पब्लिकनं उत्तर दिलं.

बाबांचा चेला लच्छू यानं साखळी सैल सोडली. दोन्ही पारडी खालच्या ओट्यावर टेकली. बाबांनी डोळे मिटले, दांडीवर एक ताजी माळ चढवली, फुलांत हात घालून "जी, जी, जी" असं काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले. लच्छूनं साखळी ओढली. आणि काय सांगावं! बापूजी धानाशी समसमान राहायचे सोडून वर गेले, चांगले हातभर वर. धानाचं पारडं खाली. बायांनी हात जोडले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग लच्छूनं उजव्या पारड्यातलं धान काढत काढत दांडी पुन्हा सरळ केली, काढलेलं धान वेगळं तोललं आणि हाळी दिली, "तीन किलोच्या वर रोग उतरला!"

बापूजींना रोग कोणता होता, हे कोणी विचारलं नाही. खुद्द बापूजींनीही नाही. उतरलेलं धान मात्र आश्रमाच्या कोठीत गेलं, कारण रोगाचं धान घरी नेलं की रोग मागोमाग येतो, असं बाबांचं शास्त्र होतं.

शास्त्र म्हणजे काय, ते बाबा माईकवरून समजावत होते. "भाविकांनो, न्यूटनसाहेब काय बोलले? धरती ओढते. किती ओढते? त्याचा एक आकडा आहे. त्याचं नाव जी. कॅपिटल जी! गुरुजी, माताजी, बाबाजी. प्रत्येकाच्या मागे जी का लागतो? कधी विचार केला? नाही केला! आणि पुस्तकात त्या आकड्याला काय म्हणतात?"

"नियतांक!" पुढची पढवलेली रांग ओरडली.

"नियत अधिक अंक! जशी ज्याची नियत, तसा त्याचा अंक! नियत खराब, तर धरती जोर से ओढते. माणूस जड होतो, खाटेला खिळतो. नियत साफ, तर जी कमी, माणूस हलका, बीमारी खल्लास! और ये मैं नहीं बोल रहा. अमेरिकेचे सायंटिस्ट दर वेळी जी मोजतात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. का? सायंटिस्टची नियत बदलते म्हणून!"

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या जयानं कपाळाला हात लावला. ती आरमोरीच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवायची. गुरुत्वाकर्षणावरची पोरांची उत्तरं तपासता तपासता तिचा जन्म चालला होता, पण इतकं बिनधास्त चुकीचं उत्तर तिनं कधी वाचलं नव्हतं. जुन्या पुस्तकात त्या आकड्याला नियतांक म्हणत. नियत म्हणजे ठरलेला, न बदलणारा. इकडच्या बोलण्यात मात्र नियत म्हणजे मनातला हेतू. 'त्याची नियत चांगली नाई' असं इथं दिवसातून दहादा म्हटलं जातं. त्या एका शब्दाच्या फटीतून हा माणूस आत शिरला होता आणि घर करून बसला होता.

एरवी ती हसून घरी गेली असती. पण पारड्यात बसून तोलून घ्यायची पुढची पाळी, पुढची तुला, तिच्या भाचीची होती.

पुनम चौदा वर्षांची. जयाच्या भावाची, मासळी धरून बाजारात विकणाऱ्या मुखरूची एकुलती एक पोर. तिला सिकलसेल. या भागात घराघरात असलेला आजार, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं फोडून काढल्यासारखी दुखतात. सरकारी दवाखान्यातली गोळी रोज घेऊ लागल्यापासून पोर शाळेत जात होती, सायकल चालवत होती. मग हे बाबा आले. औषध आणि कृपा एका पोटात नांदत नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि गोळ्या तलावात गेल्या. आता पुनम आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे आणि दोन्ही गुडघे पोटाशी.

"वहिनी, पोरीकडं पाहा तरी," जया म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ."

कमळानं वर पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते. "जयाबाई, डाक्टरनं का म्हटलं? जनमभर गोळ्या. बाबानं का म्हटलं? तीन तुला. मंग कोनाचं आयकू मी?"

जयानं तोंड उघडलं तसं मुखरूनं तिला अडवलं. तो म्हणाला, "जया, आज तिसरी तुला हाये. आज काटा हलला तं दवाखान्याचं नाव घ्याचं नाई. नाई हलला, तं तू म्हणशीन तिथी नेतो. खेळ खतम."

काटा हलणार हे जयाला पक्कं ठाऊक होतं. अडचण तीच होती.

तेवढ्यात पुनमनं तिचा पदर ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "आत्या, बाबा म्हणते, माही नियत खराब हाये म्हून दुखते. म्या का केलं व?"

जयाच्या डोक्यात तिडीक गेली. आजारी पोरीला औषध सोडायला लावणं हे एक पाप, आणि वर दुखण्याचा गुन्हाही तिच्याच माथी मारणं! हा माणूस नुसता लबाड नव्हता, नीच होता.

"तुनं काई नाई केलं, बेटा," ती म्हणाली आणि काट्याकडं नीट पाहू लागली.

बापूजी धट्टेकट्टे, ऐंशी किलोचे. त्यांचा रोग तीन किलोच्या वर. मागच्या तुलेला पुनमचा दीड किलोही भरला नव्हता, आणि ती पस्तीस किलोची. म्हणजे निरोगी सरपंचाचा रोग आजारी पोरीच्या दुप्पट! मघाशी एक किडकिडीत म्हातारा बसला, त्याचा दोन किलो. सगळ्यांचा हिशोब एकच, शंभराला चार. रोग असा टक्केवारीनं येतो कुठं? टक्केवारीनं येते ती अडत्याची अडत.

पुनमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा जया पुढं झाली. "महाराज, एक शंका आहे."

"शंका म्हणजे नियतीवरचा मळ, ताई," बाबा माईकमध्ये हसले. "पण विचारा. हमारा सब काम सायंटिफिक है."

"तुमच्या मंत्रानं धरतीची ओढ कमी होते म्हणता. मग समोरच्या पारड्यातल्या धानाचीही ओढ कमी होईल. दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतील आणि दांडी जागची हलणार नाही. म्हणजे जी खरंच बदलला, तर हा काटा हलायला नको. हलतो, याचा अर्थ जी बदलत नाही, दुसरंच काहीतरी बदलतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर हाये ना बाप्पा!"

बाबा दोन्ही हात पसरून पब्लिककडं वळले. "ताईसाहेब, मला एक सांगा. धानाला नियत असते का?"

पाळीवर हास्याचा स्फोट झाला. टाळ्या, शिट्ट्या, "वा बाबा वा!" बापूजी तर पोट धरून हसले. मुखरूनं मान खाली घातली. आपली शिकलेली बहीण चारचौघांत तोंडघशी पडली याची त्याला लाज वाटली. जयाचे कान तापले. पण बाबांनी तोंडातून काय सोडलं होतं, ते तिच्या लक्षात आलं होतं.

"नसते ना? पक्कं?" तिनं विचारलं.

"पक्कं!"

"ज्याच्यात जीव नाही, त्याला नियत नाही. त्याच्यावर तुमचा जी चालत नाही."

"बिलकुल नहीं चलता!"

"ठीक आहे. करा तुला," असं म्हणून ती दोन पावलं मागं सरली. ही हरली, असं सगळ्यांना वाटलं. बाबांना तर वाटलंच.

मुखरूनं पोरीला उचलून डाव्या पारड्यात ठेवलं. उजव्यात धान पडलं, दांडी सरळ झाली. साखळी सैल, पारडी ओट्यावर, नवी माळ, फुलांत हात, "जी, जी, जी." सगळी गर्दी बाबांच्या मिटल्या डोळ्यांकडं पाहत होती. जया त्यांच्या बोटांकडं पाहत होती. फुलांखाली मनगटाला एक झटका बसला आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज आला. लच्छूनं साखळी ओढली. पुनम वर गेली.

"नियत साफ!"

"अंक माफ!"

कमळा ओट्यावर डोकं टेकून रडायला लागली. धान उपसलं गेलं, दांडी पुन्हा सरळ झाली. लच्छूनं साखळी सैल केली आणि बाबांचे हात दांडीला आशीर्वाद द्यायला पुन्हा फुलांकडं निघाले.

"थांबा!" जया ओरडली. मग भावाकडं वळून म्हणाली, "दादा, बाजारात तुह्यापाशी गिऱ्हाईक आलं, आन म्हणलं का रिकामा काटा दाखव, तं तू का करतं?"

मुखरू गोंधळला. "का करतो म्हंजे? दाखवतो. न दाखवून कुठी जाईन?"

"आन एखाद्यानं नाई दाखवला तं?"

"तं तो काटा मारते, असं समजाचं," मुखरू म्हणाला. बोलला आणि थबकला.

इथल्या बाजारात ही रीतच आहे. मासळीवाला आधी रिकामी तागडी उचलून धरतो, गिऱ्हाईक दांडी सरळ आहे का ते पाहतं, मगच मासळी पारड्यात पडते. पावशेर झिंगे घेणारी म्हातारीसुद्धा यात सूट देत नाही आणि विकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. पाळीवर जमलेल्या प्रत्येकानं हे आयुष्यभर केलं होतं. बाबांच्या काट्यापुढं ते एकालाही आठवलं नव्हतं.

"पोरीला आणि धानाला खाली उतरवा," जया मोठ्यानं म्हणाली. "दांडीला कोणी हात लावायचा नाही. रिकाम्या पारड्याची नियत कशी आहे, ते पाहू."

"नाही! पाप!" बाबांचा आवाज चिरकला. "काट्यात एनर्जी उतरलेली आहे! व्होल्टेज आहे! जळून जाल!" आणि ज्या व्होल्टेजनं लोक जळणार होते, त्यातच त्यांनी लगबगीनं स्वतःचा हात घातला.

तो हात मुखरूनं मनगटापाशी पकडला. ओलं जाळं ओढणारा हात होता तो, सुटणारा नव्हता. "बाबा," तो शांतपणे म्हणाला, "हात काढा."

जयानं पुनमला उचललं, कमळानं धान ओतून टाकलं. मुखरूनं नुसतं पाहिलं आणि लच्छूनं निमूट साखळी ओढली. रिकामा काटा वर आला. डावं पारडं वर, उजवं खाली. पुनम बसली होती तेव्हा होतं तसंच, तिरकं.

आत्याच्या खांद्यावरून पुनमनं ते पाहिलं आणि तेवढ्या दुखण्यातही विचारलं, "आत्या, पारड्याले बी सिकलसेल होता का व?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग तिची शेजारीण, आणि मग सगळी पाळ. भीतीनं जमलेली गर्दी एकदा हसली की देवाच्या बापालाही आवरत नाही.

"कृपा! काट्यात कृपा शिल्लक राहिली आहे!" बाबा ओरडत होते.

"बघू, कुठं राहिली," म्हणत जयानं पोरीला आईकडं दिलं आणि साखळी पुन्हा सैल करवून झेंडूच्या माळा ओरबाडून काढल्या. खाली गंजलेलं लोखंड आणि त्यात दोन खाचा. एक बरोबर मध्यावर. दुसरी तिच्यापासून अंगठाभर, आजारी माणसाच्या बाजूला सरकलेली. साखळीच्या टोकाचा लोखंडी आकडा दुसऱ्या खाचेत बसला होता. जयानं तो उचलून मधल्या खाचेत टाकला आणि काटा वर घ्यायला लावला. रिकामी पारडी समोरासमोर आली, दांडी सरळ.

"ही पाहा कृपा," ती म्हणाली. "अंगठाभर सरकली की माणसाच्या बाजूची दांडी आखूड आणि धानाची लांब. लांब बाजूचं थोडं धानही जास्त तोलतं. माणूस वर गेला, रोग गेला नाही. तुमच्या भाषेत याला काटा मारणं म्हणतात. धानाच्या दलालाकडं असं झालं असतं तर तुम्ही त्याला चपलेनं हाणला असता."

"मंग माहे तीन किलो?" बापूजींनी विचारलं.

"तुमच्यापाशीच आहेत, बापूजी. पोटावर हात फिरवून पाहा."

बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण सायंटिस्टचे आकडे वेगळे येतात की नाही? येतात की नाही? बोला!"

"येतात," जया म्हणाली. "पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, भांडण त्याच्या पुढच्याचं. आणि आकडा वेगळा आला की ते धरती बदलली म्हणून आरती ओवाळत नाहीत. आधी आपलंच यंत्र तपासतात, मग दुसऱ्याला तपासायला देतात. हा आकडा काळाबरोबर बदलतो का, हेही त्यांनी सोडलं नाही. चंद्रावर आरसे ठेवून आलेत, त्यांच्यावर लेसर मारून चंद्राचं अंतर वर्षानुवर्षं मोजतात. ओढीत फरक पडला असता तर चंद्राच्या चालीत दिसला असता. निसर्गाचे दुसरेही आकडे तपासले, कोट्यवधी वर्षांपूर्वी ताऱ्यांपासून निघालेल्या उजेडात. अजून तरी फरक सापडलेला नाही. उद्या सापडला, तर तेच पहिल्यांदा सांगतील आणि कसा मोजला तेही दाखवतील. तुम्ही मात्र फुलांखाली झाकता. नवीन पुस्तकात त्या आकड्याला स्थिरांक म्हणतात, महाराज. तिथं नियत शोधायला गेलात तर काही सापडायचं नाही."

बाबा कधी निसटले ते कळलं नाही. लच्छू त्यांच्याही आधी गेला होता. लोक पांगायला लागले. काही जण रिकाम्या काट्याचे फोटो काढत होते. बापूजी दोघा-तिघांना बाजूला घेऊन सांगत होते, "काटा खोटा निघाला असन, पन बाबा तं सिद्ध हायेत. मले सकाळपासून हलकं वाटून राह्यलं." आणि ते दोघे-तिघे माना डोलवत होते! डोळ्यांदेखत पितळ उघडं पडलं तरी त्याला सोनं म्हणणाऱ्यांची या जगात वाण नाही. अशांसाठी पुढचा बाबा वाटेतच असतो.

मुखरूनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं पोरीला उचललं आणि ऑटोकडं धाव घेतली.

आरमोरीच्या दवाखान्यात पुनमला सलाईन लागलं, रात्री रक्त चढलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि भजे मागितले. कमळा मात्र भिंतीला टेकून बसली होती.

"गोळ्या म्याच टाकल्या तलावात," ती म्हणाली. "या हातानं. जयाबाई, आता तरी पोरगी कायमची बरी होईन का?"

होईल म्हणणं सोपं होतं. बाबांनी तेच म्हटलं होतं. जया म्हणाली, "नाई, वहिनी. गोळी रोज लागन. जनमभर."

कमळाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. "एवढं पाप कोनाचं?"

"कोनाचंच नाई. रक्त नियत नाई पाहात, औषध बी नाई पाहात. तू चांगली आई हाये का वाईट, हे त्या गोळीले नाई समजत. म्हून तिच्यावर भरवसा ठेवाचा. तिनं मागच्या वर्षी जसं काम केलं, तसंच उद्या करन, परवा बी करन. तुहं मन बदललं, बाबा बदलला, सरपंच बदलला, तरी तिचं काम बदलत नाई."

निसर्गाचे नियम कोणाच्या मंत्रानं वाकत नाहीत, हे ऐकून लोकांना निसर्ग निष्ठुर वाटतो. पण हे नियम रोज बदलत असते, तर कालचं औषध आज विष झालं असतं आणि कुठल्याच आईला पोराच्या हातावर गोळी ठेवायचा धीर झाला नसता. तेव्हा कोणी म्हणालं की माझ्यासाठी नियम बदलतो, तर त्याच्या पाया पडू नका. त्याची फुलं बाजूला करा आणि खाली काय आहे ते पाहा. खरं असेल तर पाहिल्यानं विटाळत नाही.

कमळा उठली. नर्सकडून गोळी मागून घेतली, ग्लासात पाणी ओतलं आणि पोरीला म्हणाली, "घे, बाई."

पुनमनं गोळी गिळली आणि पुन्हा भज्यांचं विचारलं.